धड आणि चिंधी

मागच्या हिवाळ्यात मी सायकलला लावायची एक पिशवी शिवली. ज्या मनुष्याने अर्थशास्त्रात पदव्युत्तर पदवी घेतली, त्यानंतरची सारी वर्षे केंद्र सरकारच्या फायलींवर टिपणे लिहिण्यात घालविली आणि पन्नाशी ओलांडेपर्यंत शर्टाचे बटणही दुसऱ्याकडून लावून घेतले, त्याला ही पिशवी शिवण्यास सहा रविवार लागले. त्या सहा रविवारांचा वृत्तांत प्रशासनविषयक लेखनात का यावा, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. त्याचे उत्तर एवढेच, की ही पिशवी शिवताना मला माझ्याच हाताखालून गेलेली एक जुनी फाइल आठवली, आणि तिच्यातील माझा निर्णय चुकलेला होता हे मला प्रथमच नीट उमगले.

दिल्लीतील माझे निवासस्थान आणि कार्यालय यांत साडेसहा किलोमीटरांचे अंतर आहे. २०२० च्या टाळेबंदीनंतर मी हे अंतर सायकलने कापू लागलो. डबा, पाण्याची बाटली, बदलायचा शर्ट आणि एखादे पुस्तक एवढे सामान पाठीवर घेतले, की एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत पाठ ओलीचिंब होते. भार माणसाच्या पाठीवर नको, वाहनाच्या पाठीवर हवा, हे आपल्या पूर्वजांना चांगले ठाऊक होते. लमाणांच्या बैलांवरील गोण्या आणि घोड्यावर टाकायची पडशी या त्याच विचारातून आलेल्या वस्तू. सायकलच्या अशा पिशवीला इंग्रजीत पॅनियर म्हणतात. हा शब्द पावाच्या टोपलीसाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून आला आहे. झंडेवालानच्या सायकल बाजारात मी चौकशी केली. परदेशी बनावटीच्या जोडीची किंमत माझ्या जुन्या सायकलच्या किमतीहून अधिक होती, आणि स्वस्त पिशव्यांचे कापड इतके पातळ होते, की पहिल्याच पावसाळ्यात ते हार मानील असे वाटले.

त्याच सुमारास घरात दिवाळीची आवराआवर चालू होती. माळ्यावरून माझी जुनी रकसॅक आणि दोन माणसांचा तंबू खाली आला. ही सॅक मी १९९८ साली घेतली होती. रूपकुंड आणि पिंडारीच्या वाटा तिने माझ्याबरोबर पाहिल्या होत्या. आता तिच्या आतील जलरोधक लेप चिकट होऊन त्याचे पापुद्रे सुटत होते. पॉलियुरेथेनच्या लेपाला दमट हवेत वर्षानुवर्षे ठेवले, की पाण्याच्या अंशाने त्याचे विघटन होते आणि एक आंबट वास येऊ लागतो. तंबूचीही तीच गत झाली होती. पत्नी म्हणाली, "अहो, ही अडगळ या वर्षी तरी काढा. एक ना धड भाराभर चिंध्या." मीही मान डोलावली. सरकारी भाषेत सांगायचे, तर दोन्ही वस्तूंच्या निर्लेखनास सक्षम प्राधिकाऱ्याची मान्यता मिळाली.

परंतु सॅक भंगारवाल्याला देण्यापूर्वी तिचे बक्कल तेवढे काढून घ्यावे, म्हणून मी पात्याने एक शिवण उसवली, आणि तेथेच थांबलो. पट्टा जेथे पिशवीला मिळतो, तेथे शिवणाऱ्याने पुढे-मागे, पुढे-मागे असे इतके दाट टाके घातले होते, की पाते चालेना. आतल्या बाजूस, कधीच दिसणार नाही अशा जागी, एक जादा कापडी पट्टी दिली होती. ओझे कोठे पडणार, हे त्या अनाम कारागिराला माहीत होते. मी एक पाठकोरा कागद घेऊन दोन रकाने आखले. गेलेल्या वस्तूंच्या रकान्यात लेप, मुख्य चेन, तळाचे दोन कोपरे आणि खांद्याच्या पट्ट्यांचा फोम एवढेच भरले. धड असलेल्यांच्या रकान्यात मात्र कागद पुरेना. पाठीकडचे जाड नायलॉनचे कापड, कमरेचा पट्टा, अडीच सेंटिमीटर रुंदीच्या सात मीटर पट्ट्या, नऊ बक्कले, वरचे झाकण आणि त्यातील खिसा, सॅकला ताठ ठेवणाऱ्या अ‍ॅल्युमिनियमच्या दोन चपट्या सळ्या. तंबूच्या बाहेरच्या आवरणावर तर बारीक चौकटींची वीण होती. दर काही धाग्यांनंतर एक जाड धागा घातलेला असतो, म्हणजे कापड फाटलेच तर फाट त्या चौकटीपाशी अडते. लेप गेला होता. कापड शाबूत होते. पूर्ण वस्तू म्हणून सॅक निरुपयोगी होती, यात शंका नाही. पण ‘निरुपयोगी’ हा शब्द तिच्या किती भागाला लागू होता?

कृती थोडक्यात सांगतो. कोणाला करून पाहावीशी वाटली तर उपयोगी पडेल. प्रथम सारे कापड कोमट पाण्यात आणि साबणात भिजवून जुना लेप ब्रशने खरवडून काढला. यात पहिला रविवार गेला. मग वर्तमानपत्राच्या कागदावर आकार बेतला. उंची ३२ सेंटिमीटर, रुंदी २८ आणि खोली १३, म्हणजे साधारण साडेअकरा लिटरची जागा. बाहेरून सॅकचे जाड कापड, आतून तंबूचे अस्तर. नायलॉनची कापलेली कड लगेच उसवू लागते, म्हणून ती मेणबत्तीच्या आचेजवळून हलकेच फिरवून वितळवून घेतली. अशा कापडाला टाचण्या लावायच्या नसतात. टाचणीचे भोक बुजत नाही आणि तेथून पाणी शिरते. त्याऐवजी कागदांचे गठ्ठे धरणारे काळे चिमटे वापरले. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्या चिमट्यांचा इतका सार्थ उपयोग मी पाहिला नव्हता. ते अर्थातच बाजारातून विकत आणलेले होते.

शिवणयंत्र आईचे, हातमशीन. आईच्या पश्चात ते गावाहून दिल्लीला आणले होते, ते केवळ आठवण म्हणून. त्याला १८ नंबरची जाड सुई आणि पॉलिएस्टरचा धागा लावला. सुती धागा ओलाव्याने कुजतो, हे मला दुकानदाराने सांगितले. हातमशीनचा एक गुण असा, की चाक आपल्याच हाताने फिरत असल्याने जाड जागी एकेक टाका थांबून, पाहून घालता येतो. पिशवीच्या पाठीत ताठपणासाठी प्लॅस्टिकचा पन्हाळी पत्रा घातला आणि वरच्या कडेत अ‍ॅल्युमिनियमची एक सळी. त्या सळीवर दोन लोखंडी आकडे बसविले. कॅरियरवर ते खडखडू नयेत म्हणून त्यांना सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे गुंडाळले. खालच्या बाजूस एक लवचीक दोरी, जी चाकाच्या आसापाशी अडकते आणि खड्ड्यातून जाताना पिशवीला उडू देत नाही.

चौथ्या रविवारी पिशवी लावून मी सायकलवर बसलो आणि पहिल्याच फेऱ्यात टाच पिशवीवर आपटली. मी सारी मापे सायकल भिंतीला टेकवून घेतली होती. कॅरियर मोजला होता, चाक मोजले होते. पायडल मारणारा पाय मोजायचा राहिला होता. मंत्रालयात बसून आखलेल्या योजनांचे असे कितीतरी वेळा होते. आकडे सहा सेंटिमीटर मागे घेतले आणि पुढचा खालचा कोपरा तिरका कापून पुन्हा शिवला, तेव्हा टाच मोकळी झाली.

आता एकच काम उरले. झाकणाच्या पट्ट्या जेथे पिशवीच्या पाठीला मिळतात, तेथे कापडाचे चार थर आणि वर पट्टी अशी जाडी झाली होती आणि आईचे यंत्र तेथे चालेना. पिशवी घेऊन मी आमच्या वसाहतीच्या बाजाराबाहेर पदपथावर बसणाऱ्या चर्मकाराकडे गेलो. शिवण कोठे घालायची, हे मी खडूने आखून नेले होते. त्याने पिशवी उलटीपालटी केली, आत हात घालून अंगठ्याने कापड दाबून पाहिले आणि माझी रेघ पुसली. "इधर से फटेगा, बाबूजी," तो म्हणाला. माझी रेघ कडेला फार जवळ होती. ओढ बसताच कापडाचे धागे सरकले असते. त्याने दोन बोटे आत नवी जागा धरली, आरीने भोके पाडली आणि जाड नायलॉनच्या दोऱ्याने चौकट आणि तिच्यात फुली असा टाका घातला. पंधरा मिनिटे लागली. चाळीस रुपये त्याने मागितले, ते मी दिले.

त्याच्यासमोरच्या लाकडी खोक्यावर बसून ते काम पाहताना मला सतरा-अठरा वर्षांपूर्वीचा एक खलाशी आठवला.

२००७ साली मी हिमालयाच्या पायथ्याशी असलेल्या एका क्षेत्रीय कार्यालयाचा प्रमुख होतो. आमची पथके डोंगरांत जात, त्यासाठी कार्यालयाकडे तंबू होते. त्यांपैकी काही तंबू निर्लेखन समितीने त्या वर्षी निरुपयोगी ठरविले. समितीत आम्ही तिघे अधिकारी होतो. तिघांपैकी एकानेही तो तंबू कधी स्वतः उभारलेला नव्हता. आम्ही भांडाराच्या दारात उभे राहिलो, ढीग पाहिला, यादीवर सह्या केल्या. लिलाव व्हायचा होता. पंधरा दिवसांनी एक निनावी तक्रार आली, की पथकातील एका खलाशाच्या सायकलला सरकारी तंबूच्या कापडाची पिशवी आहे. चौकशीत ते खरे निघाले. एका निर्लेखित तंबूच्या आवरणातून त्याने तुकडा कापून घेतला होता आणि त्याची पिशवी हाताने शिवली होती.

मी त्याला १९६५ च्या केंद्रीय नागरी सेवा (वर्गीकरण, नियंत्रण व अपील) नियमांतील नियम १६ खाली, म्हणजे किरकोळ शिक्षेच्या कार्यपद्धतीनुसार, ज्ञापन दिले. त्याचे उत्तर हिंदीत आणि एका ओळीचे होते. "साहब, जो फटा नहीं था, वही काटा." मी ते उत्तर वाचले आणि त्याखाली टीप लिहिली, की कर्मचाऱ्याने आरोप मान्य केला आहे. ठपका ठेवण्यात आला आणि कापडाच्या नुकसानीची वसुली झाली. नुकसान मी तंबूच्या मूळ खरेदी किमतीवर घसारा धरून, क्षेत्रफळाच्या प्रमाणात काढले. त्या गणिताचा तेव्हा मला थोडा अभिमानच वाटला होता. रक्कम १८४ रुपये आली. पुढे लिलावात तंबूचे कापड अकरा रुपये किलोने गेले. तो तुकडा किलोभराचाही नव्हता.

फाइलचा शेवट याहून विलक्षण झाला. जप्त केलेली पिशवी पुरावा म्हणून भांडारात ठेवली गेली. प्रकरण संपल्यावर तिचे काय करायचे, हे कोणी ठरविले नाही, म्हणून भांडारपालाने ती जडवस्तू नोंदवहीत घेतली. ‘थैली, कापडी, १ नग.’ दोन वर्षांनी माझी बदली होण्याच्या सुमारास निर्लेखनाची नवी यादी आली, तीत ती थैली होती. मी यादीवर सही केली. ज्या वस्तूला आम्ही कधी वापरलेच नाही, तिला आम्ही निरुपयोगी ठरविले. सही करण्यापूर्वी ती मी एकदा हातात घेतली होती, हे मला स्पष्ट आठवते. तळाला दुहेरी कापड होते, कडा आत दुमडून शिवल्या होत्या आणि पट्ट्याच्या मुळाशी आतून एक जादा पट्टी होती. तेव्हा ती पट्टी मला दिसली, पण तिचा अर्थ कळला नाही. तो कळायला स्वतः एक पट्टी चुकीच्या जागी लावावी लागली.

येथे नियमांची बाजू मांडली नाही, तर हा लेख एकांगी होईल. भांडारातील माणसाला जुन्या वस्तूचे भाग घेण्याची मोकळीक दिली, तर चांगल्या वस्तू लवकर जुन्या होऊ लागतात. ज्याला तंबू फाटण्यात लाभ आहे, त्याच्याच हाती तंबू सांभाळायला देणे योग्य नाही, हे अर्थशास्त्राचा प्रथम वर्षाचा विद्यार्थीही सांगेल. २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांतील नियम २१७ म्हणूनच असे म्हणतो, की वस्तू निरुपयोगी ठरविण्याची कारणे लिहून ठेवावीत आणि ती कोणाच्या हयगयीने वा लबाडीने तशी झाली असल्यास जबाबदारी निश्चित करावी. त्या खलाशाने परवानगी घेतली नव्हती. सरकारी वस्तू लिलावापूर्वी त्याची नव्हती. हे सारे आजही खरे आहे.

पण त्याच नियमावलीत दुसरीही एक तरतूद आहे, आणि ती २००५ च्या नियमांतही होती. दोन लाखांपर्यंत अवशिष्ट मूल्य असलेल्या वस्तूंची विल्हेवाट कशी लावावी, हे सक्षम प्राधिकाऱ्याने ठरवायचे असते. जागा अडू नये आणि वस्तूंचे मूल्य आणखी घटू नये, एवढे त्याने पाहायचे. माझ्या कार्यालयापुरता तो प्राधिकारी मीच होतो. लिलावापूर्वी पथकातील माणसांना बोलावून, यातले धड काय आहे, असे विचारण्यास मला कोणी मनाई केली नव्हती. चांगले कापड काढून पथकांसाठी उपकरणांच्या पिशव्या शिवून घेता आल्या असत्या. शिवणारा माणूस तर कार्यालयातच होता. मी नियम पाळला असे मी इतकी वर्षे मानत आलो. वास्तविक मी नियमाचा शिक्षा देणारा भाग पाळला आणि विचार करायला लावणारा भाग वाचलाच नाही.

फ्रिडरिक हायेक यांनी १९४५ साली एका निबंधात मांडले, की समाजातील उपयुक्त ज्ञानाचा मोठा भाग विशिष्ट स्थळकाळाचे ज्ञान असते. ते ज्या त्या माणसापाशी विखुरलेले असते आणि आकडेवारीच्या रूपाने मध्यवर्ती अधिकाऱ्याकडे पोहोचू शकत नाही. हा निबंध मी एम.ए.च्या परीक्षेसाठी अभ्यासला होता आणि त्यावर उत्तरही लिहिले होते. परंतु हायेक यांचा युक्तिवाद मी नेहमी नियोजन आयोग आणि बाजारपेठ यांच्याच संदर्भात वाचला. माझ्या भांडाराच्या दारात तो तंतोतंत उभा होता. तंबूच्या कोणत्या भागावर ऊन पडते, कोठे पाणी साचते, कोणता पदर पाच वर्षांनंतरही धड राहतो, हे त्या खलाशाला ठाऊक होते, आणि आमच्या नोंदवहीला फक्त ‘तंबू, १ नग’ ठाऊक होता. नोंदवहीच्या जगात वस्तू एक तर धड असते, नाही तर चिंधी. मधले काही नसते.

आईने हा भेद कधी मानला नाही. तिच्या गोधड्यांत आजीची लुगडी असत. लुगडे विरले, की ती ते उजेडासमोर धरी, विरलेला भाग बाजूला काढी आणि काठापदराजवळचा धड भाग गोधडीला घेई. त्याची यादी नव्हती आणि समिती नव्हती. जिने लुगडे नेसले, धुतले आणि वाळत घातले, तिचाच निर्णय अखेरचा.

घरातली पद्धत कार्यालयात जशीच्या तशी आणता येत नाही, हे मी जाणतो. तरीही गेल्या निर्लेखन बैठकीपूर्वी मी यादीत एक रकाना वाढविला. ‘वापरता येण्याजोगे भाग.’ तो भरण्यासाठी वस्तू रोज हाताळणाऱ्यांना बोलावले. निर्णय कागदावर आधी, कापाकापी नंतर. काढलेल्या प्रत्येक भागाची नोंद आणि दोघांच्या सह्या. संगणक आणि यूपीएसच्या बॅटऱ्या यांना तो रकाना लागू नाही. त्यांच्यासाठी २०२२ चे स्वतंत्र नियम आहेत आणि त्या अधिकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडेच जायला हव्यात. पण यादीत २३ मोडक्या खुर्च्या होत्या. आमचा फराश त्या एकेक उलटून म्हणाला, की काहींची चाके गेली आहेत, काहींचा दांडा बसला आहे, दोन्ही गेलेल्या फार थोड्या आहेत. दोन दिवसांत त्याने त्यांतून नऊ धड खुर्च्या उभ्या केल्या. उरलेल्या लिलावात गेल्या. या नऊ खुर्च्यांनी देशाची वित्तीय तूट कमी झाली, असा माझा दावा नाही. बैठकीत फराश बोलला आणि तीन अधिकाऱ्यांनी ते लिहून घेतले, एवढे घडले.

त्या खलाशाच्या बाबतीत आता काही करता येत नाही. तो केव्हाच निवृत्त झाला असेल. ठपका ही शिक्षेच्या यादीतील सर्वांत हलकी शिक्षा आहे, असे मी तेव्हा स्वतःला सांगितले होते. पण ती त्याच्या सेवापुस्तिकेत गेली आणि तेथेच राहिली; ज्याने ओझे कोठे पडणार हे ओळखून आतून पट्टी लावली, त्या माणसाच्या सचोटीविषयी सरकारचे ते लेखी मत होते, आणि त्याखाली सही माझी होती. त्याचे उत्तर मी कबुलीजबाब म्हणून वाचले. ते निर्लेखन समितीने द्यायला हवे होते ते तांत्रिक मत होते.

माझी पिशवी ६२० ग्रॅम वजनाची झाली आहे. एका पावसाळी संध्याकाळी ती भिजली. आत डबा कोरडा राहिला, पुस्तकाचा एक कोपरा तेवढा ओला झाला. ती फक्त डाव्या बाजूला आहे, त्यामुळे सायकल किंचित डावीकडे ओढते. तंबूचे कापड अजून उरले आहे, पाच बक्कलेही आहेत. उजव्या बाजूची पिशवी पुढच्या हिवाळ्यात शिवीन. या वेळी रेघ आखण्यापूर्वीच त्या चर्मकाराकडे जाणार आहे.